किल्ली कोणाकडे? सिंधुदुर्गातल्या शाळांच्या सॉफ्टवेअर भांडाराचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यातलं आहे. शाळा, गावं आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्या गटात नव्हतो. बैठकांची टिपणं, भांडारातल्या नोंदी आणि संबंधितांशी झालेली बोलणी यांवरून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

तालुक्यातल्या वीस-बावीस शाळांच्या संगणक कक्षांत डेबियन चालतं. विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्स कुळातली ही मुक्त संगणक प्रणाली. तसं कुणी धोरण ठरवलेलं नव्हतं. मुंबईतल्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले संगणक चाकरमान्यांच्या ओळखीने गावी येत, कधी टेम्पोतून तर कधी गणपतीला येणाऱ्या खासगी बसच्या डिकीतून. बहुतेकांवर विंडोज ७ असे. १४ जानेवारी २०२० ला त्याचे सुरक्षा अद्यतन बंद झाले आणि त्या जुन्या यंत्रांना विंडोज १० झेपत नव्हतं. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी (पुढे त्यांना दुकानदार म्हणतो) हलकं आणि विनामूल्य म्हणून डेबियन घालायला सुरुवात केली. एका हायस्कूलचे विज्ञान शिक्षक त्यांच्या मदतीला आले आणि हळूहळू आजूबाजूच्या शाळांनीही तेच मागितलं.

नुसत्या डेबियनवर मात्र शाळेचं काम भागत नाही. लिपिकांची बोटं टाइपरायटरच्या मराठी कळांवर बसलेली, त्यामुळे तशी कळपाटी (कीबोर्डची मांडणी) हवी. शाळाशाळांत असलेल्या छोट्या लेझर प्रिंटरचा चालक (ड्रायव्हर) हवा. निकालपत्रकाचे साचे, काही फॉन्ट, गणिताचे दोन-तीन प्रोग्राम हवेत. यातल्या प्रत्येकाचं कुणीतरी पॅकेज बनवलं. पॅकेज म्हणजे प्रोग्रामच्या फाइली आणि त्यांच्यासोबत एक चिठ्ठी: माझं नाव हे, आवृत्ती ही, मला चालायला अमुक तमुक आधी बसवलेलं लागतं. चिठ्ठी नीट लिहिलेली असेल तर बाकीचं एपीटी (पॅकेजं आणून बसवणारा डेबियनचा प्रोग्राम) पाहतं. ही पॅकेजं पुण्यात नोकरी करणाऱ्या, मूळ गावच्या एका अभियंत्याने स्वतःच्या सर्व्हरवर मांडली. भांडार म्हणजे हेच. नेट असलेल्या शाळा तिथून घेत, बाकीच्यांकडे दुकानदारांचा पेनड्राइव्ह पोचे.

तीनेक वर्षं हे चाललं. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, गावंच्या गावं अंधारात होती, तेव्हाही पेनड्राइव्हच कामी आला. म्हणूनच कदाचित कुणाला व्यवस्था बदलावीशी वाटली नाही.

अडचण

डेबियनची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. दिवाळीच्या सुट्टीत दुकानदारांनी शाळांचे संगणक ११ वरून १२ वर न्यायला घेतले आणि तिथे गाडी अडली. गटाच्या कळपाटीच्या पॅकेजने एक फाइल अशा जागी ठेवली होती, जिथे आता डेबियनचं अधिकृत पॅकेज त्याच नावाची फाइल ठेवू पाहत होतं. डीपीकेजी (एपीटीच्या हाताखाली पॅकेजच्या फाइली प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम) अशा वेळी काम थांबवतं: ही फाइल दुसऱ्या पॅकेजच्या मालकीची आहे, मी तिच्यावर लिहिणार नाही. दुकानदारांनी जबरदस्तीचा पर्याय वापरून ती पुढे ढकलली. त्या दिवशी भागलं. पुढच्या अद्यतनात पुन्हा तेच. काही शाळांत कळपाटी अधिकृत, काही शाळांत गटाची, काही शाळांत अर्धी ही अर्धी ती. 'ळ' कुठल्या कळीवर येईल हे संगणकागणिक वेगळं.

खरी अडचण २०२४ च्या सुरुवातीला आली. भांडारातल्या पॅकेजांच्या याद्यांवर जीपीजी किल्लीने (डिजिटल सही करायच्या गुप्त किल्लीने) सही असते आणि एपीटी ती पडताळून पाहतं. ती किल्ली अभियंत्याने काढली होती, त्याच्याच लॅपटॉपवर होती आणि तिला मुदत होती. मुदत संपली तेव्हा अभियंता परदेशी गेला होता, नव्या नोकरीत बुडाला होता. निरोपांना उत्तर यायला दिवस लागत. शाळांच्या पडद्यावर सही कालबाह्य झाल्याचा इशारा येऊ लागला.

मग शिक्षकांच्या वॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी उपाय टाकला: भांडाराच्या ओळीत कंसात 'ट्रस्टेड इज इक्वल टू येस' लिहा, इशारा जातो. इशारा गेला. म्हणजे सही तपासणंच बंद झालं. त्या दिवसापासून त्या पत्त्यावरून कुणीही काहीही दिलं असतं तरी शाळांचे संगणक रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने ते बसवून मोकळे झाले असते. सर्व्हरचा नेटवरचा पत्ताही त्याच अभियंत्याच्या नावावर होता आणि त्याचंही नूतनीकरण तोंडावर आलं होतं. नूतनीकरण चुकून पत्ता दुसऱ्या कुणी घेतला तर काय, हा प्रश्न पहिल्यांदा एका विद्यार्थिनीने विचारला. ती त्या हायस्कूलची माजी विद्यार्थिनी, तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढच्या सगळ्या प्रकरणात तिचा हात दिसतो.

कोणते पर्याय होते

मार्च-एप्रिल २०२४ मध्ये, शिमग्याला आलेली मंडळी गावात असताना, हायस्कूलच्या प्रयोगशाळेत बैठका झाल्या.

सर्वांत जास्त उत्साह स्वतःच्या वितरणाबद्दल (आपण जुळवून आपल्या नावाने दिलेल्या लिनक्सबद्दल) होता. आपलंच लिनक्स, आपलं नाव, पडद्यावर सिंधुदुर्ग किल्ला. केरळचं उदाहरण पुढे आलं: तिथे काइट ही राज्य शासनाची संस्था शाळांसाठी स्वतःचं जीएनयू लिनक्स काढते आणि ते उत्तम चालतं. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं बॉस हे लिनक्सही डेबियनवरच उभं आहे. विद्यार्थिनीने एवढंच विचारलं, की केरळात त्यामागे पगारी माणसं आहेत, आपल्याकडे कोण? डेबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजं आहेत. त्यांतली दहा जरी बदलून आपल्या नावाने दिली, तरी त्या दहांच्या प्रत्येक सुरक्षा दुरुस्तीचं उत्तरदायित्व आपल्यावर येतं. टिपणात यापुढे 'बोधचिन्हाचा विषय पुढे ढकलला' एवढंच आहे. तो अजून पुढेच आहे.

दुसरा पर्याय सगळं थेट डेबियनमध्ये पाठवण्याचा. तत्त्वाला धरून हाच योग्य. पण नवख्या माणसाचं पॅकेज आत जायला एखाद्या डेबियन डेव्हलपरने ते तपासून स्वतः चढवावं लागतं, आणि एकदा स्थिर आवृत्ती निघाली की तिच्यात नवं पॅकेज शिरत नाही. पुढची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. तोवर लिपिकाने काय टंकायचं?

तिसरा, परक्या सेवेवर भांडार ठेवण्याचा. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचे पीपीए (स्वतःचं भांडार मांडायची सोय) आहेत, पण ते पॅकेजं उबुंटूसाठी बांधतात, म्हणजे मूळ कोडमधून तयार करतात. शिवाय काही शाळांत ३२ बिटी (जुन्या घडणीच्या प्रोसेसरचे) संगणक होते आणि उबुंटूने ते २०१९ मध्येच बाजूला ठेवले. ओपनसुसे या आणखी एका लिनक्सची बिल्ड सर्व्हिस मात्र डेबियनची पॅकेजंही बांधते, सही करते आणि मांडून ठेवते. हा पर्याय एका वाक्यात निकालात निघाला: 'शिकायला वेळ लागेल.' मला हे घाईचं वाटतं. त्याकडे शेवटी येतो.

चौथा, जो निवडला तो: डेबियनला हात न लावता त्याच्यावर एक छोटं भांडार, फक्त डेबियनमध्ये नसलेल्या वस्तूंचं. आणि पेनड्राइव्हच्या जागी पूर्ण, सही असलेली डिस्क.

पहिला निर्णय: काय ठेवायचं नाही

जुन्या सर्व्हरवर पन्नासच्या आसपास पॅकेजं होती. यादी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकासमोर दोन प्रश्न: परवाना कोणता, आणि हे डेबियनमध्ये आधीच आहे का? दुसऱ्या प्रश्नावरच जवळजवळ निम्मी गेली. कुणीतरी कधीतरी नवी आवृत्ती हवी म्हणून बांधलेली पॅकेजं होती ती. डेबियन १२ मध्ये त्याहून नवी आली होती. लोहित आणि मुक्तासारखे फॉन्ट खुल्या परवान्याचे, त्यांचा वाद नव्हता. डीटीपीच्या सीडीवरून उचललेले फॉन्ट कुणाच्याच परवानगीचे नव्हते, ते त्याच दिवशी काढले. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ एका पॅकेजमध्ये घातल्या होत्या. पुस्तकं सहज मिळतात, पण हक्क मंडळाचे आहेत, तेही गेलं.

भांडण जिओजेब्रावरून झालं. भूमिती शिकवायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही असं शिक्षक म्हणतात आणि ते खरं आहे. त्याचा स्रोत (मूळ कोड) खुला आहे, पण तयार इन्स्टॉलर आणि भाषेच्या फाइली बिगरव्यावसायिक वापरापुरत्या दिलेल्या आहेत. डेबियनच्या १९९७ च्या मुक्त सॉफ्टवेअर तत्त्वांतलं सहावं कलम म्हणतं की कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मनाई नको, व्यवसायालाही नको. एका शाळेच्या मुख्याध्यापिका उठून म्हणाल्या, "आमची शाळा कुठे धंदा करते? मला मुलांना भूमिती शिकवायची आहे, परवाना नाही." प्रयोगशाळेत बहुतेकांनी मान डोलावली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दुकानदार बोलले. "बाई, शाळा पैशे घेणा नाय, पण मी घेतंय. मगे ह्यां माका कसां चलतला?"

संगणकामागे ते ठरावीक रक्कम घेतात. त्यात त्यांचं पेट्रोल, वेळ आणि पुन्हा फोन आला तर जाणं हे सगळं येतं. बिगरव्यावसायिक अटीचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन बसवून देणं त्या अटीत बसतं की नाही, यावर वकील तासभर बोलेल. पण ज्या एका माणसाच्या स्कूटरवर ही सगळी व्यवस्था चालते, त्यालाच संशयात ठेवणारी वस्तू भांडारात का ठेवायची? मुक्त सॉफ्टवेअरमध्ये विकण्याची मुभा का असते याचं याहून नेमकं उत्तर मी ऐकलेलं नाही.

ठरलं ते असं: भांडारात फक्त डेबियनच्या तत्त्वांत बसणारं. भूमितीसाठी डेबियनमधलंच किग. ज्यांना जिओजेब्राच हवं त्यांनी ते स्वतः, शाळेच्या वापरापुरतं घ्यावं. बाईंना हे पटलं नाही आणि त्यांच्या शाळेत आजही जिओजेब्राच चालतं. त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही.

दुसरा निर्णय: कोण चढवू शकेल

सर, म्हणजे ते विज्ञान शिक्षक, म्हणत होते, दार उघडं ठेवू. जो बनवेल तो चढवेल, माणसं अशीच जमतात. आर्च लिनक्स या दुसऱ्या वितरणाचं वापरकर्त्यांचं भांडार, एयूआर, असंच वाढलं. त्यावर विद्यार्थिनीने जुलै २०१८ चं उदाहरण काढलं. एयूआरमध्ये पीडीएफ वाचकाचं एक पॅकेज बेवारस पडलं होतं. एका अनोळखी खातेदाराने ते दत्तक घेतलं आणि बांधणीच्या कृतीत बाहेरून स्क्रिप्ट ओढणारी ओळ घातली. ते लवकर पकडलं गेलं, पण बेवारस पॅकेज कुणालाही मिळतं ही फट तिथे दिसली.

ही चर्चा कदाचित रेंगाळली असती. पण २९ मार्च २०२४ ला, गावात पालखी फिरत होती त्याच दिवसांत, एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामची बातमी आली. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला (नेटवरून दुसऱ्या संगणकात शिरायला) नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं आणि शोधता शोधता एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार सापडलं. ते पेरणाऱ्या 'जिया टॅन' नावाच्या खात्याने आधी दोनेक वर्षं इमानाने काम करून थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत ते पोचलं होतं, स्थिर आवृत्तीत नव्हतं. शाळांना काही झालं नाही.

त्यातून दोन गट पडले. एकाचं म्हणणं, बघा, एवढ्या मोठ्या प्रकल्पात असं होतं तर आपण नियम करून काय उपयोग. दुसऱ्याचं म्हणणं, थकलेला एकटा माणूस हाच धोका आहे, आणि आपल्याकडे तर सगळे तसेच आहेत. दुसरं म्हणणं टिकलं. नियम झाला की प्रत्येक पॅकेजला दोन नावं हवीत: एक सांभाळणारा, ज्याला थट्टेने मानकरी म्हणू लागले, आणि एक बांधणी वाचणारा. दुसऱ्याने वाचून सही केल्याशिवाय चढवायचं नाही. दोन नावं मिळत नसतील तर पॅकेज भांडारातून जातं. बेवारस पॅकेज नव्या माणसाला द्यायचं तर गटातल्या कुणीतरी त्याला प्रत्यक्ष भेटलेलं हवं. हा शेवटचा नियम मोठ्या प्रकल्पात हास्यास्पद ठरेल. एका तालुक्यात तो सहज पाळला जातो.

यादी याच नियमाने सर्वांत जास्त कमी केली. दोन नावं म्हटल्यावर 'असू दे, कधीतरी लागेल' प्रकारची पॅकेजं टिकली नाहीत. चौदा उरली.

तिसरा निर्णय: किल्ली

यावर फार वाद झाला नाही, सगळ्यांना चटका बसलेला होता. मुख्य किल्ली नेटला न जोडलेल्या संगणकावर काढली. तिच्या दोन प्रती, एक तालुक्याच्या वाचनालयाच्या कपाटात, दुसरी बाईंच्या शाळेच्या तिजोरीत. परवलीचं वाक्य दोन भागांत, दोन माणसांकडे, बंद लिफाफ्यांत. रोजच्या सहीसाठी उपकिल्ल्या, सरांकडे एक आणि विद्यार्थिनीकडे एक. किल्ली विभागून ठेवण्याच्या याहून शास्त्रशुद्ध पद्धती आहेत आणि पुण्याच्या मंडळींनी त्या सांगितल्याही. पण लिफाफा काय असतो हे वाचनालयाच्या ग्रंथपालाला समजावून सांगावं लागत नाही.

याहून उपयोगी ठरलं ते छोटं काम: किल्लीचंच एक पॅकेज. मुदत संपण्याच्या बरंच आधी नवी मुदत घातलेली किल्ली त्या पॅकेजमधून नेहमीच्या अद्यतनासोबत शाळांत पोचते. ती किल्ली फक्त याच भांडाराला लागू राहील अशी ओळ घातली, म्हणजे तिच्या सहीने कुणी डेबियनचं म्हणून काही खपवू शकत नाही. 'ट्रस्टेड' असलेल्या सगळ्या ओळी दुकानदारांनी एकेका शाळेत जाऊन काढल्या. सर्व्हरचा पत्ता शिक्षकांच्या पतसंस्थेसारख्या एका नोंदणीकृत मंडळाच्या नावावर घेतला.

आवृत्तीच्या क्रमांकातही एक युक्ती पाळली. गटाच्या पॅकेजच्या क्रमांकापुढे लाटेचं चिन्ह, टिल्ड, लावून शेपूट जोडतात. डीपीकेजीच्या हिशेबात टिल्ड असलेला क्रमांक त्याच्याविना असलेल्यापेक्षा लहान. त्यामुळे तेच पॅकेज उद्या डेबियनमध्ये आलं की गटाचं आपोआप मागे पडतं. कळपाटीची फाइलही स्वतःच्या वेगळ्या नावाने ठेवली आणि 'ळ' एकदाचा जागेवर आला.

चौथा निर्णय: डिस्क, आणि मागे पडलेलं घड्याळ

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या वाड्यांत नेट असतं तेव्हा असतं. त्यामुळे डिस्क हाच मुख्य मार्ग धरायचा, असं ठरलं. एपीटीची सही याद्यांवर असते, त्या कशातून आल्या यावर नाही. डिस्क कुणाच्या हातून आली याने विश्वासात फरक पडत नाही. डिस्कवर डेबियनच्या स्थिर आवृत्तीची सगळी पॅकेजं, सुरक्षा अद्यतनं आणि गटाची चौदा. स्रोतही त्याच डिस्कवर ठेवले, कारण जीपीएल या मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर हाताने वाटायचं तर स्रोत देण्याची जबाबदारीही वाटणाऱ्यावर येते.

पहिल्या फेरीत दोन गोष्टी अडल्या. डेबियनच्या सुरक्षा याद्यांना मुदत असते. जुनी यादी नवी म्हणून कुणी गळ्यात मारू नये म्हणून ती काही दिवसांचीच ठेवलेली असते. डिस्क शेवटच्या शाळेत पोचेपर्यंत ती उलटून गेलेली. उपाय दोन होते. सगळं अप्टली या भांडार मांडायच्या साधनाने नव्याने मांडून गटाच्या किल्लीने सही करायची, म्हणजे मुदत आपल्या हातात. किंवा डेबियनची सही तशीच ठेवून डिस्कच्या त्या एका ओळीपुरती मुदतीची तपासणी बंद करायची. पहिला उपाय तांत्रिकदृष्ट्या नीटनेटका. पण तो घेतला असता तर डेबियनच्या हजारो पॅकेजांना हा गट जामीन राहिला असता. त्यांनी दुसरा घेतला. जुनी यादी माथी मारली जाण्याचा धोका उरतो; डिस्क ओळखीच्या हातातूनच जाते, एवढ्यावर तो पत्करला. मला हा निर्णय बरोबर वाटतो. अप्टली फक्त गटाच्या स्वतःच्या पॅकेजांसाठी वापरलं, कारण त्यात एखाद्या दिवसाचं चित्र नाव देऊन गोठवता येतं आणि बिघडलं तर मागे जाता येतं.

दुसरी अडचण कुणाच्याच यादीत नव्हती. एका खाडीकाठच्या शाळेत एपीटी म्हणू लागलं की ही यादी अजून वैधच झालेली नाही, अजून इतके दिवस आहेत. सर्वांनी आधी किल्लीवर संशय घेतला. विद्यार्थिनीने फोनवरून तास घालवला. दुकानदारांनी शेवटी कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ बॅटरीच्या खाचेतल्या पत्र्या खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या होत्या आणि मीटरवर तीन व्होल्टच्या जागी दोनही दिसेनात. वीज गेली की घड्याळ मागे पडायचं. नेट असतं तर वेळ आपोआप जुळली असती. तिथे नेट नव्हतं म्हणून तर डिस्क नेली होती. संगणक कित्येक महिने मागे जगत होता आणि डिस्कवरची सही त्याच्या दृष्टीने भविष्यातली होती.

तेव्हापासून डिस्कच्या पिशवीत बॅटरीची पट्टी आणि पत्र्या घासायला पॉलिश पेपरचा तुकडा असतो. डिस्कवरच्या स्क्रिप्टचं पहिलं काम तारीख विचारण्याचं आहे.

काय झालं

जून २०२४ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा बहुतेक संगणक एका पातळीवर आले होते. 'शाळा-संगणक' नावाचं एक पॅकेज बसवलं की बाकीचं सगळं ओढून येतं, त्यामुळे दुकानदारांचं एका संगणकाचं काम बरंच आटोपशीर झालं. नवं काही आलं तर ते आधी चाचणी विभागात जातं. तिथला अग्रक्रम १ आहे, नेहमीचा ५००, म्हणजे मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाही. चाचणी कोण करतं? दोन शाळांचे लिपिक. त्यांच्या तक्रारी नेमक्या असतात.

वेळापत्रकाने मात्र घोळ घातला. पॅकेजं एप्रिलअखेर गोठवायची, मे महिन्यात डिस्क फिरवायची, कारण शाळा रिकाम्या असतात आणि चाकरमानीही येतात. कागदावर ठीक. एप्रिल-मे हापूसचा हंगाम असतो आणि सरांसह निम्म्या शिक्षकांच्या स्वतःच्या बागा आहेत. पेट्या भरण्याच्या दिवसांत कुणी बांधणी वाचत नाही. २०२५ ला गोठवणं मार्चमध्ये घेतलं, मोहोर आणि तोडणी यांच्या मधल्या काळात.

चौदा पॅकेजांपैकी काही आता कमी झाली आहेत. एक डेबियन १३ मध्ये अधिकृत आल्याने गेलं, दोन पॅकेजांचे मानकरी बदली होऊन गेले आणि वाचणाऱ्याने एकट्याने ठेवायला नकार दिला. भांडार लहान होतंय हे पाहून एका पालकाने 'प्रकल्प बंद पडतोय का?' असं विचारलं. विद्यार्थिनीच्या मते तो नीट चालल्याची ती खूण आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बिल्ड सर्व्हिस नाकारायची घाई झाली असं मी वर म्हटलं. किल्ली, बांधणीचं यंत्र आणि सर्व्हर या तिन्ही कटकटी तिथे दुसरं कुणी वाहिलं असतं. आज बांधणी विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर होते. ती पास होऊन नोकरीला बाहेर जाईल तेव्हा २०२४ चाच प्रश्न सौम्य रूपात परत येऊ शकतो. डिस्कसाठी त्या सेवेवरून प्रत उतरवून घेणं सहज शक्य होतं.

परवान्याची चर्चा दुकानदारांच्या प्रश्नापासून सुरू झाली असती तर बाई दुखावल्या नसत्या, असं सर आता म्हणतात. तत्त्वं आधी वाचून दाखवली आणि माणूस नंतर दिसला.

पहिल्या अभियंत्याबद्दल टिपणांत थोडी कडवट भाषा आहे. मला ती अन्यायाची वाटते. त्याने वर्षानुवर्षं पदरचे पैसे घालून सर्व्हर चालवला. त्याच्याकडून किल्ली वेळेत घेण्याची जबाबदारी जेवढी त्याची, तेवढीच वापरणाऱ्या वीस शाळांची होती, आणि त्यांतल्या एकीनेही कधी विचारलं नव्हतं.

अजून न सुटलेलं

डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिच्यात ३२ बिटी संगणकांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर राहिला नाही. तालुक्यात असे संगणक अजून आहेत. डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे, तोवर त्यांना १२ वरच ठेवायचं असं तात्पुरतं ठरलं आहे. त्यासाठी गटाची पॅकेजं दोन आवृत्त्यांसाठी बांधावी लागतात आणि वाचणारे तेवढेच आहेत. दुकानदारांचं मत आहे की ते संगणक मोडीत काढावेत, वीजबिल पाहता ते परवडतही नाहीत. ज्या दोन शाळांत फक्त तेच आहेत, त्या शाळांचं मत वेगळं आहे.

प्रिंटरचा प्रश्न आणखी चिवट. कंपनीचा चालक बंद स्रोताचा, म्हणून भांडारात नाही. कुणीतरी उलटा शोध घेऊन लिहिलेला मुक्त चालक आहे, तो चालतो, पण लांब निकालपत्रक छापताना मधेच थांबतो. त्या पॅकेजला मानकरी आहे, वाचणारा नाही. नियमाप्रमाणे ते काढायला हवं. ते काढलं तर मार्चअखेरीला लिपिक दारात उभे राहतील, म्हणून ते सध्या चाचणी विभागात आहे आणि पुढच्या शिमग्याच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.